स्थानिक नाव

टक्क.

गॅलरीतल्या दोरीवरचा चिमटा तुटून फरशीवर पडला. रविवारची दुपार, अडीच वाजलेले. माझी लेक संबोधी नुकती झोपलेली आणि घर इतकं गप्प झालेलं, की फ्रीजनं श्वास घेतलेलाही कळावा. पहिल्यांदा मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या पापण्या थरथरल्या, तिनं कूस बदलली, अंगठा तोंडाजवळ नेला आणि तिथंच विसरली. मी पायांच्या बोटांवर गॅलरीत गेले. चिमट्याची स्प्रिंग एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि दोरीवर त्या चिमट्यानं धरलेला वर्तमानपत्राचा कागद एका कोपऱ्यावर लोंबत होता. श्रावणात माझ्या दोरीवर कपडे कमी, कागद जास्त. झाडांचे नमुने दाबून ठेवायचे तर रोज कागद बदलावे लागतात, ओले झालेले वाळवावे लागतात, आणि ऊन नसलं की इस्त्री करावी लागते. शेजारच्या रूपालीताई एकदा दारातून बघत उभ्याच राहिल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, आमच्याकडं शाळेच्या ड्रेसले इस्त्री होत नाही अन् तुमच्याकडं पेपरले होऊन राह्यली." मी हसले आणि कागद उलटून दुसऱ्या बाजूनं इस्त्री फिरवली. त्यांना काय सांगणार, की यात एक गवत आहे, मानोऱ्याकडच्या माळावरचं, आणि त्याच्या कुसांवर माझं सहावं प्रकरण उभं आहे.

पण हा कागद रिकामा होता. रिकामाच असणार हे मला माहीत होतं, तरी मी तो उघडून पाहिला. आत फक्त चिठ्ठी, माझ्याच अक्षरातली, जूनमध्ये निघताना घाईघाईत, उत्साहानं लिहून ठेवलेली. अनुक्रमांक सत्तेचाळीस. ठिकाण, झिऱ्याचा नाला, मेडशीच्या पुढे. अधिवास, शेवाळलेले खडक, पालापाचोळ्याची माती. आणि त्याखाली, स्थानिक नाव: पंचफुला. हे नाव रकान्यात लिहिताना हात अडखळला नव्हता. आता वाचताना मात्र आपल्याच घरातल्या माणसाचं नाव बसस्टँडच्या फलकावर दिसावं तसं झालं. सकाळी माझ्या मार्गदर्शक मॅडमचा मेसेज आला होता. मॅडम रविवार पाळत नाहीत. "रत्नमाला, सत्तेचाळीसचं स्थानिक नाव एकाच माहितीदाराचं आहे. किमान तीन हवेत. नसतील तर रकाना रिकामा सोड. पाच वाजेपर्यंत तक्ता पाठव, उद्या छपाईला जातोय." चूक काहीच नव्हती त्यांची. नियम मलाही पाठ आहे. एका माणसानं सांगितलेलं नाव हे नाव नसतं, ती त्याची सवय असते. दोघांनी सांगितलं तर योगायोग. तिघांनी सांगितलं की ते गावाचं होतं. माझ्याकडे एकच माहितीदार, आणि तो माझा बाप. पाचला अडीच तास बाकी होते, आणि एक नाव ठेवायचं की पुसायचं एवढंच ठरवायचं होतं. चिमटा हातात घेऊन मी गॅलरीतच खाली बसले. फरशी गार होती. बरं वाटलं.

पंचफुला माझ्या आईचं नाव. मी अकरा महिन्यांची असताना ती भादव्यात काविळीनं गेली, बावीस वर्षांची. तिचा एकच फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला, त्यात ती चौथ्या रांगेत आहे आणि पुढच्या बाईच्या फेट्यासारख्या अंबाड्यानं तिचा अर्धा चेहरा झाकलाय. दिसतो तो एक डोळा, आणि तोही कॅमेऱ्याकडे नाही, बाहेर कुठंतरी. बाबांनी मला वाढवलं. ते जंगल खात्यात वनमजूर होते, रोपं लावायची, आग लागली की विझवायची, नाल्यानाल्यानं फिरायचं. खात्यातून त्यांना दरवर्षी एक डायरी मिळायची, हजेरी आणि कामाच्या नोंदीसाठी. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर गोल, मण्यासारखं. मी नऊ-दहा वर्षांची असेन, उन्हाळ्याच्या सुट्टीत फळीवरच्या त्या डायऱ्या काढून वाचायचे, कारण घरात वाचायला दुसरं काही नव्हतं. "तीनशे खड्डे." "धावड्याची रोपं आली." "साहेब आले, चहा." आणि मग एका जूनमध्ये, एकोणीस तारखेला, बाकी काही नाही, एवढंच: "पंचफुला निघाली." मी पुढच्या वर्षाची डायरी काढली. बावीस जून, "पंचफुला निघाली." त्याच्या पुढची. सतरा जून. प्रत्येक वर्षी जूनमध्ये, निघाली.

कुठं निघाली? मी तेव्हा कुणालाही विचारलं नाही. लहानपणी आपल्याला भीती वाटते ती उत्तर मिळेल याची. मी माझा हिशेब मनातच जमवला. ज्या अर्थी ती दरवर्षी निघते, त्या अर्थी ती दरवर्षी येतही असणार. येताना कुणाला दिसत नसेल, बाबांना फक्त जाताना सापडत असेल. मग मे महिन्याच्या शेवटी मी चुपचाप तयारी करायचे. दाराची कडी लावताना अर्धी लावायचे. पाण्याच्या माठाजवळ दोन पेले ठेवायचे. बाबा विचारायचे, "दोन कायले ठेवले व?" मी म्हणायचे, "एक जुठा असते." चार-पाच वर्षं हे चाललं. मग मी मोठी झाले, आणि मोठं होताना जशा बऱ्याच गोष्टी आपण न सोडवताच गुंडाळून ठेवतो तशी ही पण ठेवली. बाबा दुःखात काहीतरी लिहीत असतील असं एक मोठ्या माणसाचं उत्तर मी त्यावर चिकटवलं. भादव्यात गेलेल्या बाईची नोंद जूनमध्ये का, हा प्रश्न त्या उत्तराखाली तसाच राहिला. दुखत नव्हता. कधीतरी पाय ठेवला की खडा लागावा तेवढाच.

झिऱ्याचा नाला मला आईसारखाच, म्हणजे आठवणीच्या आधीपासून ठाऊक असलेला. वरच्या कपारीतून पाणी बारा महिने झिरपतं, म्हणून आजूबाजूचं सागाचं रान मे महिन्यात खराट्यासारखं झालं तरी तिथं गारवा असतो, आणि पाऊसकाळ लागला की दगड दिसेनासे होतात, एवढं शेवाळ. बाबा मला बोट धरून न्यायचे. तहान लागली की खालचं एक पान तोडायचे. ते पान जमिनीतून एकटंच उगवतं. देठ, त्यावर एक पान, बस. हृदयाच्या आकाराचं, चुण्या पडलेलं, घडी घालून ठेवलेलं लुगडं उलगडावं तसं. गावात त्याला एकपानी म्हणतात, सगळेच म्हणतात, त्याला माहितीदार शंभर मिळतील. बाबा त्याचा द्रोण करायचे, झिऱ्याखाली धरायचे आणि माझ्या तोंडाला लावायचे. त्या पाण्याला मातीचा आणि कशाचा तरी कडवट वास असायचा. पुढे एम.एस्सी. करताना मी ते पान पुस्तकात पाहिलं आणि माझे कान गरम झाले. एकपानी ही ऑर्किड आहे, जमिनीतली आमरी. तिचं फूल जूनमध्ये येतं, पान नसताना. नुसती दांडी आणि फुलं, आठ-दहा दिवस. फूल सुकून गेलं, दांडी विरून गेली, की मग महिन्याभरानं त्याच जागी पान येतं. फूल आणि पान एकमेकांना कधी भेटत नाहीत. आणि जात नक्की कोणती हे नुसत्या पानावरून सांगता येत नाही, त्याला फूल पाहिजे. वाशीम जिल्ह्याच्या यादीत ती नव्हती. मॅडम म्हणाल्या, "फूल आण, मग बोलू."

फूल आणायला मला आठ जून लागले. पहिल्या जूनमध्ये मी पोटुशी होते आणि डॉक्टरनं एस.टी.चा धक्का नको म्हटलं. दुसऱ्यात सगळं जगच बंद होतं. मग संबोधीचा ताप, मग नवऱ्याची, संघदीपची बदली, त्याचं एस.टी.चं आगार अकोल्याला गेलं आणि परत आलं, एकदा मी गेले तर दोन दिवस उशीर झाला होता, एकदा शाळाप्रवेश. दरवर्षी श्रावणात पानं दिसायची, हिरवी, चुण्यांची, जणू म्हणत की आत्ताच होती, गेली. मला त्याचं वाईट वाटायचं असं मी म्हणत असे, पण खरं सांगायचं तर पूर्ण वाईट वाटलं नाही कधी. लेकरू कडेवर असताना हात दुसऱ्या कशासाठी रिकामा नसतो, आणि तो भरलेला हात मला आवडत होता. फक्त रात्री-बेरात्री दूध पाजताना वाटायचं, की ज्या मुलीनं ते पुस्तक वाचून कान गरम करून घेतले होते, ती आणि ही मी, दोघी एकाच ठिकाणच्या आहोत खऱ्या, पण आमची गाठ पडलेली नाही. या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा मी बाबांना पुस्तकातलं फुलाचं चित्र दाखवलं. म्हटलं, "बाबा, झिऱ्यात असं काही दिसलं तर मले लगेच फोन करजा." बाबांनी चष्मा लावला, चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, "करतो." एवढंच.

आणि या जूनमध्ये, मृग लागून दहा दिवस झालेले, मी संबोधीच्या डब्यासाठी थालीपीठ थापत होते. फोन स्पीकरवर. पलीकडून बाबांचा आवाज, जरा दमल्यासारखा, टेकडी चढून रेंजमध्ये आलेला.

"रत्ना, पंचफुला निघाली. पाहाले येतं काय?"

माझा पिठाचा हात हवेतच राहिला. तेवीस वर्षं अर्धी लावलेली एक कडी आत कुठंतरी सरकली. निघाली. आमच्याकडे माणूस घरातून निघतं आणि कोंब जमिनीतून निघतो, शब्द एकच. मी एकाच बाजूनं वाचत आले होते. बाबा दरवर्षी तिच्या जाण्याची नोंद करत नव्हते. तव्यावरचं थालीपीठ जळालं, त्याचा वास आला, आणि फोनवर बाबा म्हणत होते, "आयकू येते काय? हॅलो? तुह्या चित्रातलं थे फूल व. येतं काय?" संबोधी दप्तर अडकवून दारात उभी होती. म्हणाली, "आई, तू हसतेस का रडतेस?" मी म्हटलं, "थालीपीठ जळालं." त्या दिवशी ती शाळेत गेली नाही. आम्ही दोघी मेडशीच्या बसमध्ये बसलो, खिडकीची जागा तिला, दाबणीचे कागद मला.

बाबा फाट्यावर उभे होते, कमरेला खुरपं. नाल्यात उतरताना संबोधी दर पावलाला थांबत होती. तिनं एवढं शेवाळ आयुष्यात पाहिलं नव्हतं. शहरात शेवाळ म्हणजे टाकीतलं, जे घासून काढायचं असतं. ती एका दगडावर हात फिरवत म्हणाली, "आबा, या दगडाले केस आलेत." बाबा म्हणाले, "शेवाय हाये थे. हळू फिरव हात, झोपमोड होईल त्याची." "दगडाची?" "हो मंग." वर कुठंतरी नवरंग पक्षी शीळ घालत होता, दोनच सुरांची, आणि प्रत्येक वेळी संबोधी थबकून बोट वर करायची. पाणी दिसत नव्हतं, पण सगळीकडून ऐकू येत होतं. पायाखाली पाला दबायचा आणि हळूच परत वर यायचा. मी मात्र काहीच बघत नव्हते. सात वर्षांनी ठरलेली भेट तोंडावर आली की माणसाला मागं फिरावंसं वाटतं, तसं मला झालं होतं. बाबा एका उंबराच्या मुळाशी थांबले, उकिडवे बसले आणि पाल्याकडे बोट केलं. मला पहिल्यांदा दिसलंच नाही. मग दिसलं. वीतभर दांडी, तपकिरी, कुणीतरी जमिनीत काडी खोचून ठेवावी तशी. तिच्यावर चार फुलं, मान खाली घातलेली. कच्च्या चिंचेच्या आत असतो तसला फिका हिरवा रंग, आणि आत जांभळ्या रेषा. तशाच आणखी दोन दांड्या हातभर अंतरावर. तीन. सबंध नाल्यात तीन.

भडक काही नाही. माहीत नसेल तर माणूस ओलांडून जाईल. मी गुडघे टेकले, मग पोटावर झोपले, कारण त्या फुलाचं तोंड बघायचं तर आपलं तोंड मातीला लावावं लागतं. भिंग काढलं. आतल्या पाकळीवर बारीक लव होती आणि तिच्यावर एक दवाचा थेंब, त्यात उलटं रान. सगळं पुस्तकासारखं होतं आणि पुस्तकातलं काहीच नव्हतं. माझ्या पोटाखालची माती गार होती. मला एकदम अतिशय भूक लागली. असं सुख मला संबोधी झाल्यावर पहिल्या सकाळी झालं होतं, तेव्हाही मी शिरा मागितला होता.

"बाबा, याले पंचफुला कोण म्हणते?" मी झोपल्या-झोपल्याच विचारलं. तोंड फुलाकडे होतं म्हणून विचारता आलं.

"तुही मायच म्हणे," बाबा म्हणाले. "नवीनच लगन झाल्तं. मी अटीच, या नाल्यात, रोपायचे खड्डे करो. थे भाकर घेऊन आली. मले म्हने, दिवसभर जंगलात असता, काय दाखवता मले? मी म्हनलं, हे पाह्य. तिनं असंच वाकून पाह्यलं. मंग बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. म्हने, हे तं मीच हाव. अन् हासली. भाकर थंडी झाली, पर तिचं हासनं काई थांबेना." बाबांनी पाल्यावरची एक काडी उचलून बाजूला ठेवली. "थे गेल्यावर पुढच्या जूनात आलो, तं निघेल. मंग दरसाल येतो. निघाली का लिवतो."

"सहा आहेत," संबोधी म्हणाली. ती कधी येऊन माझ्या पाठीवर रेलली होती मला कळलं नव्हतं. "आबा, सहा पाकळ्या आहेत. ही आतली राहिली."

"पाचच हायेत. थे तोंड हाये त्याचं. तोंड मोजत नसते."

"काहून?"

"काहून म्हंजे? तुह्या तोंडाले मी एक मानूस मोजू का मंग? तसं मोजलं तं तू एकटीच चार जनाची व्हशीन."

वनस्पतिशास्त्र संबोधीच्या बाजूनं होतं. बाहेरची तीन, आतली दोन आणि ओठ सहावा. पण आईनं पाच मोजली होती. एका हाताच्या बोटांवर बसतील तेवढी, म्हणजे दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं होतं.

मग बाबांनी खुरपं काढलं. "मुयासकट पायजे न तुले? बाजूले सर, मी काढून देतो, तुह्या हातानं तुटन." मॅडमचा शब्द माझ्या डोक्यात होता. संपूर्ण झाड, कंदासकट, त्याशिवाय नमुना नाही. बाबांनी मातीत खुरप्याचं टोक घातलं, अलगद, लेकराच्या डोक्यातलं काही काढावं तसं. माती सैल झाली. खाली बोराएवढा पांढरा कंद दिसला, ओला, डोळ्यासारखा. मी म्हटलं, "बाबा, ही एकपानी आहे." ते म्हणाले, "एकपानी श्रावनात येते." मी म्हटलं, "हेच. याच कंदाले. हे फूल जाते न मंग याच जागी ते पान येते. दोन नाहीत, एकच आहे." बाबांचा हात थांबला. ते कंदाकडे बघत राहिले. पुस्तकातली ओळ मी किती वेळा वाचली होती, विद्यार्थ्यांना सांगितली होती, पण ती बाबांना कधी सांगितली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. चाळीस वर्षं ते या नाल्यात फिरले. जूनमध्ये एक बघायला, श्रावणात दुसरं. दोन्हींच्या मध्ये जी जमीन होती ती त्यांना रिकामी वाटत होती.

"म्हंजे थे जात नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही. खाली असते."

ते म्हणाले, "तुले मी त्याच पानात पानी पाजलं." आणि मग ते हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. "पाह्य बापा. तिच्याच पानात." संबोधीला काही कळलं नाही, पण आबा हसतायत म्हणून तीही हसली. बाबांनी बोटांनीच माती परत ढकलली, तळव्यानं दाबली, वर पाल्याची दोन पानं सारखी केली आणि खुरपं कमरेला खोचलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, परवानगी विचारली नाही. मलाही विचारायचं सुचलं नाही. मी एक फूल तेवढं खुडलं, चारांतलं एक, आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकलं. उरलेल्याचे फोटो काढले. दांडीजवळच्या मुळाला माझ्या ओढणीचा दोरा बांधून आले. श्रावणात पुन्हा गेले तेव्हा दोऱ्याजवळ पान होतं. मॅडम आधी नाराज झाल्या, मग त्यांनी भिंगाखाली फूल बघितलं, मग म्हणाल्या, "फूल बाटलीत आणि पानाचे फोटो, चालवून घेऊ. पण रकाने नीट भर."

रकाने. मी गॅलरीतून उठले आणि टेबलाशी आले. साडेतीन. प्रयत्न मी केला होता, नाही असं नाही. त्याच दिवशी परतताना गोजराबाईकडे थांबले होते. गावात औषधाचा पाला तिच्याइतका कुणाला ठाऊक नाही. फोटो दाखवला. तिनं फोन उलटासुलटा केला. "हे कोनतं? नाई बाप्पा. आमी कायले नाव ठेवाव याले? खाता येत नाई, बकरी तोंड लावत नाई." मी म्हटलं, पंचफुला म्हणतात का गं कुणी? तिनं फोन परत माझ्या हातात दिला. तिनं मला दोन महिने आपलं दूध पाजलंय, माझी आई आजारी असताना. म्हणाली, "पंचफुला तं तुही माय होती." मी ते वहीत लिहिलं नाही.

तेव्हा रकाना रिकामा सोडायचा. खरं पाहता त्यात काय बिघडत होतं? शास्त्रीय नाव राहणारच होतं, ठिकाण राहणार होतं, शोधणारीचं नावही. एका रेघेनं भागलं असतं. मी कर्सर त्या शब्दापाशी नेला. पुसायच्या बटणावर बोट ठेवलं आणि मला त्या बाईचं हसणं ऐकू आलं, जे मी कधीच ऐकलेलं नाही. जगात तिचं म्हणून काय आहे? चौथ्या रांगेतला एक डोळा. काही डायऱ्या. आणि तिनं एकदा एका फुलाला बोट लावून म्हटलेलं एक वाक्य. बाहेर रिक्षावाला "अनसिंग, अनसिंग" ओरडत त्या गावच्या सवाऱ्या गोळा करत होता. पंख्याची हवा कागदांची टोकं उचलून परत ठेवत होती. मला घाई नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच हातात वेळ आहे आणि तो चोरलेला नाही असं वाटत होतं.

"पंचफुला!"

संबोधी उठून कधी मागं येऊन उभी राहिली होती. गालावर उशीची घडी उमटलेली, डोळे अर्धे. स्क्रीनवरच्या फोटोकडे तिचं बोट. "पंचफुला आहे ना ही? झिऱ्यातली. सहा पाकळ्यांची पंचफुला." तिला कुणी पढवलं नव्हतं. तिच्यासाठी ते त्या फुलाचं नाव होतं, जसं गुलाबाचं गुलाब. मी तिला मांडीवर ओढलं. तिच्या केसांना झोपेचा वास होता.

मी तक्त्यातला माहितीदारांचा रकाना उघडला. माहितीदार क्रमांक एक, शेषराव, वय चौसष्ट. क्रमांक दोन, संबोधी. "वय सहा लिहू?" "साडेसहा," ती म्हणाली. साडेसहा लिहिलं. आता ती पहिलीत आहे, अक्षरं आणि शंभरपर्यंतचे आकडे दिसतील तिथं वाचते, दुकानाच्या पाट्या, बसचे नंबर, औषधाच्या बाटल्या. क्रमांक तीन. मी नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात क्षणभर थांबले. माहिती दिली तेव्हाचं वय लिहायचं की आत्ताचं, असा नियमात उल्लेख नाही. तिच्या बाबतीत आत्ताचं जे आहे तेच लिहिलं. बावीस. शेरा या रकान्यात लिहिलं, तिघंही एकाच घरातले. मॅडमना हसायचं तर हसू दे, पुसायचं तर त्या पुसतील. मी पुसणार नव्हते. पाठवायच्या बटणावर बोट नेलं.

"पंचफुला तर फुलाचं नाव," संबोधी म्हणाली. "मग ही कोण?"

"माझी आई. तुझी आजी."

ती पुढं वाकली. बोट स्क्रीनवर ठेवून रकान्यातला आकडा तिनं वाचला, एकदा मनात, एकदा मोठ्यानं. "बावीस." मग वळून माझ्याकडे नीट बघितलं, कपाळाकडे, कानाजवळच्या पांढऱ्या केसाकडे. "तू तेहेतीस ना?"

"हो."

"तेहेतीस मोठे की बावीस?"

"तेहेतीस."

बोट अजून त्या आकड्यावरच होतं. काचेवर त्याचा ओला ठसा उमटत होता.

"मग ती तर तुझ्याहून लहान आहे," ती म्हणाली. "एवढी लहान पोरगी तुझी आई कशी गं?"